खाप्याची बाग, अमेरिकेची शपथ: नागरिकत्वाला खर्च किती येतो?

मावशीची मुलगी न्यू जर्सीत असते. तिनं व्हॉट्सॲपवर १२८ प्रश्नांची पीडीएफ पाठवली आणि मी ती नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या खाप्याच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. दोन्ही बाजूंनी छपाई, वर स्पायरल, सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचं अधिकृत पाठ्यपुस्तक एवढंच, आणि तिथलं सरकार ते फुकट देतं. हे आधीच सांगते, कारण नागपुरात एका सल्लागारानं याच तयारीचे चाळीस हजार मागितले होते.

मावशी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. साठीला ग्रीन कार्ड मिळालं, आता पासष्ट पूर्ण. गेल्या हिवाळ्यात ती गावी आली तेव्हा रोज संध्याकाळी ओसरीवर मी प्रश्न विचारत असे आणि ती भाजी निवडता निवडता उत्तरं देत असे. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, सगळं तोंडपाठ. पंधरा दिवसांत मला वाटायला लागलं, झालं काम.

मग एका रात्री मुलीनं व्हिडिओ कॉलवर नागरिकत्वाच्या अर्जातले प्रश्न विचारायला घेतले. "हॅव यू एव्हर व्होटेड इन एनी इलेक्शन इन द युनायटेड स्टेट्स?" मावशीनं 'व्होटेड' तेवढं पकडलं, मान डोलावली आणि अभिमानानं म्हणाली, "येस, येस! दरवेळी." सावनेर मतदारसंघातलं एकही मतदान तिनं चुकवलेलं नाही, आणि तिच्या डोक्यात तेच होतं. पण मुलाखतीच्या खोलीत, अमेरिकन अधिकाऱ्यासमोर, नागरिक नसताना अमेरिकेत मतदान केल्याची ती कबुली ठरली असती. पाठ केलेल्या १२८ उत्तरांनी तिथं काही वाचलं नसतं.

मुलगी घाबरली. मावशी म्हणाली, "मले येते सगळं वं, पण तो साहेब भराभरा बोलन तर मी का करू?" तयारी नेमकी तिथूनच करायला हवी.

परीक्षा म्हणजे काय

आपल्याकडे परीक्षा म्हटलं की वही, पेन, गाळलेल्या जागा. ही परीक्षा मुलाखतीत होते. समोर अधिकारी बसतो, तो तोंडी विचारतो, तुम्ही तोंडी सांगता. पर्याय नसतात. ज्यांनी २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर एन-४०० हा अर्ज भरला, त्यांना नवी पद्धत लागू आहे: १२८ पैकी जास्तीत जास्त २० प्रश्न, १२ बरोबर आले की पास, ९ चुकले की नापास, आणि दोन्हीपैकी जे आधी होईल तिथं विचारणं थांबतं. त्याआधी अर्ज गेलेल्यांना जुनी पद्धत: १०० प्रश्नांतले १०, बरोबर हवेत ६. घरात कुणाची जुनी पुस्तिका पडून असेल तर ती वापरण्याआधी अर्जाची तारीख बघा.

इतिहास-नागरिकशास्त्र हा एक भाग झाला. इंग्रजीची परीक्षा वेगळी. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. लागणारे शब्द ठरलेले आहेत; वाचनाची यादी वेगळी, लिखाणाची वेगळी, आणि प्रत्येक यादी शंभर शब्दांच्या आतली. त्याही फुकट मिळतात. 'फेब्रुवारी' आणि 'थँक्सगिव्हिंग' हे दोन शब्द आपल्या माणसांना छळतात. अर्थ बदलत नसेल तर स्पेलिंगच्या बारीक चुका धरत नाहीत, त्यामुळे त्यांची धास्ती नको. बऱ्याच कार्यालयांत आता काचेच्या टॅब्लेटवर लेखणीनं लिहायला लावतात. कागदावर छान अक्षर काढणाऱ्या बाईचा हात काचेवर घसरतो. नातवाचा टॅब्लेट चार दिवस मागून घ्या.

बोलण्याचं इंग्रजी मात्र अर्जातल्या प्रश्नांवरच जोखतात. म्हणून माझं सांगणं असं की तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ भरलेल्या अर्जावर घालवा. 'हॅव यू एव्हर' म्हणजे 'आयुष्यात कधी तरी केलंय का'. हे तीन शब्द कानावर पडले की मान हलवायची नाही, थांबायचं. कळलं नाही तर 'प्लीज रिपीट' म्हणायचं. पुन्हा विचारायला सांगणं हा गुन्हा नाही, त्यानं गुण जात नाहीत. 'ओथ', 'अलीजन्स', 'क्लेम' हे शब्द रोजच्या बोलण्यात येत नाहीत. प्रत्येकाचा अर्थ मराठीत सांगता आला पाहिजे, नुसता उच्चार पाठ करून भागत नाही.

वयाची सवलत आहे, पण तिच्याबद्दल गावात बराच गैरसमज दिसतो. 'म्हाताऱ्यांना इंग्रजी माफ' हे अर्धंच खरं. पन्नाशी ओलांडलेली आणि २० वर्षं ग्रीन कार्ड असलेली, किंवा पंचावन्न ओलांडलेली आणि १५ वर्षं ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती इंग्रजीतून सुटते. दुभाषा नेऊन नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीतून देता येतात. पासष्ट वर्षं वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड असेल तर अभ्यासाचे प्रश्नही फक्त २०, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर हवेत. आता हिशेब करा. मुलांनी बोलावून साठीला गेलेल्या आईवडिलांकडे पाच-सात वर्षांचंच ग्रीन कार्ड असतं. म्हणजे ज्यांना इंग्रजी सर्वांत जड जातं, त्यांनाच सवलत मिळत नाही. ही गोष्ट मला फार लागते. आजारपणामुळे खरोखर शिकता येत नसेल, स्मृतिभ्रंश असेल, तर डॉक्टरनं भरून दिलेला एन-६४८ हा फॉर्म आहे. त्याची सरकारी फी नाही, डॉक्टर आपली घेईल. 'वय झालं' किंवा 'शाळा झाली नाही' ही कारणं मात्र त्यात चालत नाहीत.

नापास झालात तर? ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात, जो भाग राहिला तेवढाच घेतात आणि त्यासाठी पुन्हा फी लागत नाही. हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या मुलाखतीला निम्म्या भीतीनं जातो.

तिकडचा पैसा

खाली डॉलरचे ९० रुपये धरले आहेत. तुमच्या दिवशीचा भाव लावून घ्या.

एन-४०० ची फी १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन भरल्यास ७१० डॉलर, म्हणजे ६३,९०० रुपये. कागदावर भरल्यास ७६० डॉलर, म्हणजे ६८,४००. बोटांच्या ठशांचे पैसे यातच आले. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ३८० डॉलरमध्ये काम होतं, मात्र तो अर्ज कागदावर करावा लागतो आणि मुलीजावयाच्या घरात राहत असाल तर त्यांचं उत्पन्नही हिशेबात येऊ शकतं. अगदीच हलाखी असेल तर पूर्ण फीमाफीही मागता येते. कागदी अर्जाला आता चेक जोडत नाहीत; कार्डानं किंवा थेट बँक खात्यातून भरावं लागतं. आपल्या लोकांनी चेक लावले आणि पाकीट परत आलं, असं होऊ देऊ नका.

नागरिकत्वाची शपथ झाली की अमेरिकेचा पासपोर्ट: मोठ्या माणसाच्या पहिल्या पुस्तिकेचे १३० आणि अर्ज स्वीकारण्याचे ३५, मिळून १६५ डॉलर. घाई असेल तर वर ६०. मग भारतात मोकळेपणानं येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड, अमेरिकेतून अर्ज केल्यास २७५ डॉलर, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आणि कुरिअरचा आकार. ढोबळ बेरीज ११५० डॉलर, म्हणजे माणशी एक लाख साडेतीन हजार रुपये. नवराबायको दोघं असतील तर दोन लाखांच्या वर. यात क्लासचा एक रुपयाही धरलेला नाही, कारण तो लागत नाही. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत आणि प्रौढ शाळांत असे वर्ग अनेक ठिकाणी फुकट चालतात. वकील लागतो तो जुनी पोलीस केस, कर थकलेला, लांबलेला मुक्काम अशा गुंत्यात. सरळ प्रकरणात लेकीनं शेजारी बसून अर्ज भरला तरी पुरतं.

दुसऱ्या देशांत मुलं असतील तर थोडक्यात. ब्रिटनची परीक्षा २४ प्रश्नांची, ४५ मिनिटांची, १८ बरोबर हवेत आणि दर खेपेला ५० पौंड; खरा फटका नागरिकत्वाच्या अर्जाचा, एप्रिल २०२५ च्या दरानं समारंभासकट १७३५ पौंड. जर्मनीत ३३ प्रश्न, १७ बरोबर, परीक्षेचे २५ युरो आणि अर्जाचे २५५. कॅनडात २० पैकी १५ हवेत, ५५ वर्षं पूर्ण झालेल्यांना परीक्षाच नाही, मार्च २०२५ अखेरच्या दरानं मोठ्यांची फी ६४९.७५ कॅनेडियन डॉलर. ऑस्ट्रेलियात २० पैकी १५, पण मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबर आलेच पाहिजेत. १९ बरोबर आणि त्या पाचांतला एक चूक, तरी नापास.

दिवसांचा हिशेब

पैशापेक्षा इथं जास्त जणांचं अडतं. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं व्हावी लागतात (अमेरिकन जोडीदाराबरोबर राहत असाल तर तीन), त्यातले किमान तीस महिने शरीरानं अमेरिकेत काढलेले हवेत, आणि सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की सलग वास्तव्य मोडलं असं धरतात, ते मोडलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्ष उलटलं तर साखळी तुटलीच. आपली माणसं दिवाळीला येतात, आंबिया बहराची संत्री उतरेपर्यंत थांबतात, मग लग्नसराई असते, मग 'एवढा उन्हाळा काढूनच जा' असा आग्रह होतो. सहा महिने कधी झाले कळत नाही. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन एका कागदावर जाण्यायेण्याच्या तारखा आजच लिहून काढा; अर्जात त्या विचारतातच. पाच वर्षं भरायच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो.

मावशी नागरिकत्व घेतेय त्याचं कारणही हेच आहे. गावातल्या बायका तिला विचारतात, "आता तू तिकडचीच होनार का वं?" ती सांगते ते मला पटलं. ग्रीन कार्डावर खाप्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायची धास्ती, आणि दर दहा वर्षांनी कार्ड बदलायचे ऑनलाइन ४१५ डॉलर. नागरिक होऊन ओसीआय घेतलं की ती कन्हान नदीच्या काठावर वर्षभर राहू शकते, कुणाला जाब न देता. गावात मनसोक्त राहता यावं म्हणून परदेशाची शपथ, असा हा हिशेब आहे, आणि तिच्यासारख्या अनेकांचा तो हाच असतो.

इकडे काय सुटतं

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, आपल्या मर्जीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी भारताचं संपतं. वेगळी नोटीस येत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. तो परत करून दाखला घ्यायचा, आणि रद्दचा शिक्का बसलेली पुस्तिका जपून ठेवायची, कारण ओसीआयसाठी भारतीय मूळ तिच्यावरूनच दाखवता येतं. मतदार यादीतलं नाव फॉर्म ७ भरून काढून घ्या. ज्या बाईनं सावनेरचं एकही मतदान चुकवलं नाही, तिला हा फॉर्म भरताना काय वाटेल, ते फीच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

शेतीबद्दल मात्र बारकाईनं वाचा. 'शपथ घेतली की बाग जाते' असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. जी जमीन नावावर आहे ती राहते. वारसानं शेतजमीन मिळण्यालाही आडकाठी नाही. मनाई आहे ती नवी शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेण्याला आणि बक्षीस म्हणून घेण्याला. ही मनाई ओसीआयवाल्यांना आहेच, परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही आहे. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या नावे संत्र्याच्या बागेचं बक्षीसपत्र करायचा बेत असेल तर तो सोडा आणि मृत्युपत्र करा. वारसाच्या वाटेनं ती जमीन त्याला नियमात मिळते. पुढं त्याला ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि तोही शेतकरी हवा.

वारसाची नोंद राहिली असेल, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर ते काम शपथेच्या आधी, स्वतः खाप्यात असताना उरका. तलाठ्याकडं समोरासमोर दोन फेऱ्यांत जे होतं, त्याला नंतर मुखत्यारपत्र लागतं: तिकडं भारतीय दूतावासातून साक्षांकित करायचं, कुरिअरनं पाठवायचं आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा. ती मुदत उलटून मग धावपळ झालेली मी जवळून पाहिली आहे.

आणि ठेवी. अमेरिकेचा नागरिक, किंवा ग्रीन कार्डवालाही, जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न तिथल्या कर-विवरणात दाखवायला बांधील असतो. खाप्याच्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याजसुद्धा. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार हे वेगळं विवरणपत्र भरायचं. ते भरायला फी नाही, पण न भरल्याचा दंड फार मोठा असतो. नऊ लाखांच्या ठेवी आपल्याकडं निवृत्त शिक्षकाच्याही असतात, तेव्हा 'आपला काय संबंध' म्हणून सोडू नका. मुलाखतीतही कराबद्दल विचारतात.

मधले ते काही आठवडे

शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात. भारतीय पासपोर्ट त्या दिवसापासून निकामी. अमेरिकेचा पासपोर्ट यायचा असतो, ओसीआय तर त्याच्या नंतरचं. या मधल्या काळात गावाकडून वाईट निरोप आला तर काय, याचा विचार कुणी आधी करत नाही. त्यासाठी ६० डॉलर जादा देऊन पासपोर्ट लवकर मागवा, आणि ओसीआय येईपर्यंत भारताच्या व्हिसावर यायची तयारी ठेवा. भाच्याचं लग्न ठरलंय, आईची शस्त्रक्रिया आहे, असं असेल तर त्याच्या तोंडावर शपथ घेऊ नका. समारंभाची तारीख सबळ कारण सांगून पुढं मागता येते.

नावाचंही याच टप्प्यावर बघा. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, आणि ग्रीन कार्डावर ते मधलंच नाव गाळलेलं. एन-४०० मध्येच नाव बदलून मागायची सोय आहे आणि त्याची वेगळी फी नाही. जे नाव तिथं घ्याल तेच पासपोर्टवर, तेच ओसीआयवर येईल. सातबाऱ्यावरच्या नावाशी ते जुळेल असं ठेवलंत तर पुढच्या पिढीच्या कितीतरी खेपा वाचतील.

नागपूर जिल्ह्याला नागरिकत्वाची उलटी वाटही ठाऊक आहे. पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं जरीपटक्यात वर्षानुवर्षं भारताच्या नागरिकत्वाची वाट पाहत राहिली. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेनं ज्या जिल्हाधिकाऱ्यांना ते देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत नागपूरचे होते. आपल्याकडं प्रश्नपत्रिका नाही. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अट आहे ती आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी येण्याची, आणि त्यात सिंधी आहे, मराठीही आहे. म्हणजे कुणी परका माणूस मराठीच्या जोरावर भारतीय होऊ शकतो. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग त्याईले मराठी शिकवाले मीच जातो."

शपथेनंतर मिळणारं प्रमाणपत्र हरवलं तर नक्कल ऑनलाइन ५०५ डॉलरना मिळते, कागदी अर्जावर ५५५. प्लास्टिकच्या पाकिटात घाला, लॅमिनेट करू नका, आणि एक स्कॅन मुलांकडं ठेवा.

मावशीचा अर्ज गेला आहे, मुलाखतीची तारीख यायची आहे. सकाळी सात वाजता मी तिला फोन लावते. तिकडं हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. राष्ट्राध्यक्षांचे प्रश्न आता मी विचारत नाही. दहा मिनिटं फक्त 'हॅव यू एव्हर'. काल मतदानाचा प्रश्न पुन्हा आला. ती थांबली, बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "प्लीज रिपीट." मी पुन्हा विचारला. "नो," ती म्हणाली, "नॉट इन अमेरिका."